सातवे पाऊल

वैशाख लागला की आमच्या शहागडास गोदाकाठी वऱ्हाडांची वर्दळ सुरू होते. मंडपात वाद्ये वाजत असतात आणि मंडपाच्या कडेस बसलेल्या वृद्ध मंडळींत एकच प्रश्न घोळत असतो, ‘‘मास्तर, पुढे लग्ने टिकणार तरी का हो?’’ मुली पंचविशी उलटली तरी बोहल्यावर चढत नाहीत. चढल्या तर आधी अटी सांगतात. पटले नाही तर न्यायालयाची पायरी चढण्यास कचरत नाहीत. गावी राहून शेती अथवा भिक्षुकी करणाऱ्या मुलास तर वधू मिळणे दुर्घट झाले आहे. ही चिंता खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु पूर्वीचा विवाह तेवढा शास्त्रशुद्ध होता आणि आजचा भ्रष्ट झाला, हे जे आपण गृहीत धरून चालतो, ते एकदा तपासून पाहिले पाहिजे.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच जालना जिल्ह्यात आहे. ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते बोहल्यावरून निघून गेले, ही कथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. तो शब्द प्रत्येक लग्नात उच्चारला जातो. ऐकणारा मात्र हजारांत एखादाच निघाला. त्याचे कारण उघड आहे. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस बहुधा लेकरेच उभी असत. आठ-दहा वर्षांच्या मुलीने सावध व्हावे ते कशाविषयी?

एक मुलगी सावध झाली तेव्हा काय घडले, ते इतिहासात नमूद आहे. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. वयात आल्यावर त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. पण अपिलानंतर १८८७ मध्ये, नांदावयास जावे, नाही तर सहा महिने कारावास भोगावा, असा हुकूम झाला. बाईंनी कारावासाची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली २,००० रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत वैद्यक शिकून आल्या आणि सुरतेस त्यांनी दीर्घकाल रुग्णसेवा केली. धर्म बुडाला, असे तेव्हाही भल्या भल्या विद्वानांस वाटले होते.

मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे किमान वय १४ ठरविले. तो ब्रिटिश मुलखापुरता होता आणि आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याने मुलीचे वय १५ व मुलाचे १८ केले. १९७८ साली ते अनुक्रमे १८ व २१ झाले. मध्यंतरी, १९७६ मध्ये, परस्परसंमतीने घटस्फोटाची वाटही मोकळी झाली. विवाहसंस्था बुडाली, अशी हाकाटी वेळोवेळी झाली. विवाह मात्र होतच राहिले.

आता शास्त्राकडे वळू. सप्तपदीतील पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनासाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी. आणि सातवे सख्यासाठी. ज्या विवाहात सप्तपदी आहे तो सातवे पाऊल पडताच पूर्ण होतो, असे १९५५ चा कायदाही सांगतो. म्हणजे ज्या पावलावाचून विवाह पुरा होत नाही, ते मैत्रीचे पाऊल होय. पहिल्या सहा पावलांची तरतूद आपण वडीलधाऱ्यांनी चोख केली. घराणे पाहिले, शेतीवाडी पाहिली, पत्रिका पाहिली. सातवे पाऊल मात्र दैवावर सोडले.

हे मी इतरांस उद्देशून लिहीत नाही. वडिलांच्या मागे धाकट्या बहिणीचे लग्न मीच ठरविले. सारे पाहिले, तिला तेवढे विचारले नाही. घर उत्तम मिळाले, आणि त्याचा मला अभिमान होता. गेल्या दिवाळीस ती माहेरी आली तेव्हा सहज बोलून गेली, ‘‘दादा, मला कशाचीही ददात पडली नाही. पण यांच्याशी निवांत दोन शब्द बोलायला मिळाले, ते सासूबाई गेल्यावर.’’ तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही.

आजची मुलगी लग्नापूर्वी प्रश्न विचारते, ती त्या सातव्या पावलाविषयीच विचारते. खेड्यातील स्थळ ती नाकारते, कारण तेथे आपल्या शिक्षणाचे काय होईल, आपला शब्द कोण ऐकेल, याची तिला धास्ती असते. तिच्यावर रागावण्याआधी त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरात आहे काय, हे पाहावे. एकत्र कुटुंबात सून सर्वांची असते. ती आधी मुलाची सखी व्हावी, एवढी सवड आणि एवढा आडोसा तिला देणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

तरुणांसही एक सांगणे आहे. सख्य म्हणजे अटींची यादी नव्हे. मित्राचा एक दोष दिसला म्हणून कोणी मैत्री मोडीत नाही. जेथे छळ आहे तेथून अवश्य बाहेर पडावे. पण केवळ मनाजोगे झाले नाही म्हणून पाऊल मागे घेण्यापूर्वी सहा पावले आपण एकत्र चाललो आहोत, हे स्मरावे.

विवाहाच्या भवितव्याची मला भीती वाटत नाही. येत्या हंगामात आपल्या घरी पाहुणे आले म्हणजे पत्रिका उघडण्याआधी मुलीला जवळ बसवावे आणि ‘‘बाळ, तुझे मन काय म्हणते?’’ असे विचारावे. मी तो प्रश्न विचारावयास चुकलो; आपण चुकू नये.