लोकांचे नाव, धनिकाची मर्जी

हॅम्बुर्ग या जर्मन बंदरातील जुना फुटबॉल क्लब, हॅम्बुर्गर एस. व्ही., सात वर्षांच्या वनवासानंतर २०२५ साली बुंडेसलिगेत परतला. त्याच्या स्टेडियमचे मूळ नाव मात्र त्याआधी दहा वर्षे परत आले होते. त्या परतीची किंमत कोणी मोजली, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

महायुद्धातील बॉम्बवर्षावाने जमीनदोस्त झालेल्या घरांचा राडारोडा भरावाला वापरून उभारलेले हे स्टेडियम १९५३ साली खुले झाले. शेजारच्या लोकोद्यानावरून त्याला ‘फोल्क्सपार्कस्टाडियोन’ हे नाव पडले. शतकाच्या अखेरीस त्याची पुनर्बांधणी झाली आणि २००१ साली त्याचे नाव विकले गेले. प्रथम एओएल, २००७ मध्ये एचएसएच नॉर्डबँक व २०१० मध्ये इम्टेक, असे तीन धनी झाले. यांपैकी बँकेची बहुतांश मालकी हॅम्बुर्ग व श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्यांकडे होती, आणि २००९ साली तिला त्यांच्याच तिजोरीने सावरावे लागले. इम्टेकचे तर २०१५ मध्ये दिवाळेच वाजले. ज्यांना स्वतःचे नाव राखता आले नाही, त्यांच्या हाती शहराने आपले नाव दिले होते!

नाव विकले नाही तर खर्च भागवावा कसा, असे क्लबचे चालक विचारतील. हा प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. खेळाडूंचे पगार व बांधकामाचे कर्ज केवळ भावनेवर फिटत नाही. परंतु २०१५ साली जुने नाव परतले ते तरी कसे? क्लबचे भागधारक असलेले धनाढ्य उद्योगपती क्लाउस-मिखाएल क्यूने यांनी नावाचा हक्क विकत घेतला व जुने नाव पुन्हा लावले. त्यांच्या औदार्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि जे औदार्याने मिळते ते हक्काने मिळालेले नसते. लोकांचे नाव परत आले. ते विकण्याची मुभा मात्र जिथल्या तिथेच राहिली.

हा प्रश्न केवळ परक्यांचा आहे, असे मुंबईकरांनी समजू नये. आपल्या भुयारी मेट्रोच्या काही स्थानकांच्या नावांआधी आज व्यापारी संस्थांची नावे झळकत आहेत. व्यापाऱ्याने जाहिरातीची जागा अवश्य भाड्याने घ्यावी. भिंती आहेत, फलक आहेत. परंतु पत्ता सांगताना नागरिकाच्या तोंडी येणारा शब्द ही भाड्याने देण्याची वस्तू नव्हे. तो विकावयाचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या तोंडी तो वसतो त्यांनाच असला पाहिजे, आणि तोही कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर नियमाने.