मे महिन्यातले जलप्रेमी

पाणी वाचवण्याची मोहीम आपल्याकडे मे महिन्यात सुरू होते. म्हणजे पाणी संपत आल्यावर. तेव्हा लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागते, गाडी धुणाऱ्याकडे लोक खिसेकापूकडे पाहावं तसे पाहतात आणि घरी आलेल्या पाहुण्याला अर्धाच पेला पाणी मिळतं. मी बँकेत कारकून आहे, शिवाय बी.कॉम. झालेला. त्यामुळे मला या शहाणपणाचं फारसं कौतुक वाटत नाही. खात्यात अकरा रुपये उरल्यावर काटकसरीचा निश्चय करणारे खातेदार मी रोज पाहतो. अकरा रुपयांत काटकसर करण्यासारखं काही नसतं हो! काटकसर करायची ती पगार जमा झालेल्या आठवड्यात.

पाण्याचा पगार वर्षातून एकदाच होतो. पुण्यापुरतं बोलायचं तर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही आपली चार पासबुकं. चारी भरली तर मिळून शिल्लक साधारण २९ टीएमसी. जून ते सप्टेंबर पाऊस भरणा करतो. १५ ऑक्टोबरच्या शिल्लकीवर पाटबंधारे खातं वर्षाचा हिशेब मांडतं. त्यानंतर पुढच्या जूनपर्यंत, आठ महिने, नवा भरणा जवळजवळ नाहीच. नुसतं काढत राहायचं. आणि यातले पहिले चार महिने आपण लग्नघरासारखा खर्च करतो. का? तर धरण भरलंय! पेपरात तसा फोटोच आलेला असतो.

बरं, हे खातं एकट्या पुणेकराच्या नावावर नाही. जॉइंट आहे. याच पाण्यावर कालव्यानं दौंड-इंदापूरकडची शेती भिजते. आपण स्वेटर घालून ‘यंदा पाण्याची काळजी नाही’ असं म्हणत असतो, नेमका त्याच दिवसांत तिकडचा माणूस गव्हा-हरभऱ्यासाठी आवर्तन कधी सुटतंय याची वाट बघत असतो. जॉइंट खात्याचं चेकबुक एकट्यानंच घेऊन बाजारात जाऊ नये, हे आम्ही काउंटरवर नवरा-बायकोला समजावतो. ती दोघं निदान एका घरात राहतात, रात्री भांडू तरी शकतात. दौंडचा शेतकरी आपल्याशी भांडायला येणार कधी आणि बेल वाजवणार कुणाची?

हिवाळ्याची म्हणून एक खास उधळपट्टी आहे, आणि तिला आपण पर्यावरणप्रेम म्हणतो. गच्चीवरचा सोलर! वीज वाचते, हे शंभर टक्के मान्य. पण सकाळी नळ सोडला की आधी रात्रभर पाइपात गारठून बसलेलं पाणी येतं. एक इंची पाइपाच्या तीस मीटरांत सुमारे पंधरा लिटर पाणी मावतं. गणित बारावीचं आहे, पडताळून पाहा. गृहस्थ नळाखाली बोट धरून उभा असतो आणि ते पाणी मोरीत जात असतं. पहिल्या अंघोळीला जास्त जातं, नंतरच्यांना कमी, म्हणून घरटी दहाच लिटर धरू. चाळीस फ्लॅटचे दिवसाला चारशे लिटर. थंडीच्या १२० दिवसांत अठ्ठेचाळीस हजार. दहा हजारी टँकरचे जवळजवळ पाच टँकर! हेच पाच टँकर आपण मे महिन्यात पैसे मोजून मागवतो, आणि वर जनरल बॉडीत सेक्रेटरीला विचारतो, ‘‘एवढे टँकर लागतात कसे?’’ त्याच नळाखाली एक बादली ठेवली असती तर त्यात फरशी पुसून झाली असती, कुंड्यांना पाणी मिळालं असतं आणि सेक्रेटरीही निवांत झोपला असता.

आता यावर वाद घालणारे लोक असतातच. तिसऱ्या मजल्यावरचे एक रिटायर्ड आजोबा म्हणतात, ‘‘अहो, नाहीतरी धरणातल्या पाण्याची वाफच होते. मग वापरलं तर बिघडलं कुठे?’’ आजोबा, वाफ म्हणजे बँकेचे चार्जेस. चार्जेस कापले जातात म्हणून कुणी उरलेली शिल्लक रस्त्यावर फेकत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, ‘‘आधी सरकारी पाइपांची गळती थांबवा, मग आमच्या नळाबद्दल बोला.’’ हे म्हणणं निम्मं खरं आहे. गळती आहे, मोठी आहे, आणि ती थांबवायला लावणं हे आपलं कामच आहे. पण मोठ्या लाइनीच्या गळतीसाठी निदान अर्ज तरी करावा लागतो. आपल्या नळाचा वायसर बदलायला कुणाची मंजुरी लागते? सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला चार लिटरच्या वर पाणी घालवतो. नोव्हेंबर ते मे मिळून झाले जवळजवळ नऊशे लिटर. शहरात माणशी १३५ लिटर हे सरकारी माप धरलं तर एका माणसाचा आठवडाभराचा शिधा, एका वायसरपायी.

पाणी वरून येतं म्हणून आपण ते उधळतो, आणि कचरा खाली जातो म्हणून विसरतो. खरं म्हणजे मराठी घराला यात कुणी काही शिकवण्याची गरज नव्हती. जुन्या साडीवर पातेलं घेताना बोहारणीशी तासभर हुज्जत घालणाऱ्या बायका आपल्याच घरातल्या. रद्दीवाल्याच्या तराजूवर डोळा ठेवून उभे राहणारे वडीलही आपलेच. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, मोजून ठेवल्या जात. (पिशवीचा कोपरा मात्र पुरता कापू नये. तो चिमुकला तुकडा पुढे कुणाच्याच हाती लागत नाही.) ते घर अचानक साहेब झालं आणि सगळं एकाच डब्यात टाकू लागलं.

‘‘आम्ही टॅक्स भरतो. कचरा वेगळा करत बसणं हे आमचं काम आहे का?’’ असा एक बाणेदार सवाल असतो. साहेब, बँकेतही तुम्ही चार्जेस भरता. म्हणून नोटा, चिल्लर, चेक आणि कालची उरलेली भेंडी एका पिशवीत घालून माझ्या काउंटरवर उलटी करता का? कोरडा कागद विकला जातो. त्याच कागदावर आमटी सांडली की त्याची किंमत शून्य. नुकसान दोन्हीकडून होतं. आमटीचं खत होत नाही आणि कागदाचा कागद होत नाही.

आणि हे काउंटर ज्यांचं आहे त्यांच्याकडे तरी बघा. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. यात बहुतेक बायका. सुका माल विकून येणारा पैसा हा त्यांच्या कमाईचा भाग. म्हणजे आपण सुक्यात ओलं कालवतो तेव्हा एका बाईच्या पगारातून परस्पर कपात करतो. डब्यात फुटका पेला तसाच टाकला, तर तिचा हातही कापतो. काच आणि वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून द्यायला एक मिनिट लागतं. जिन्यात ‘‘मावशी, आज उशीर?’’ म्हणून घड्याळ दाखवणाऱ्याकडे तेवढं मिनिट असायला हरकत नाही.

आणि ‘खाली गेलेला’ कचरा कुठे गेला, तेही ऐका. उरुळी देवाची आणि फुरसुंगीला वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा गेला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, आणि गाड्या अडवायला गावकऱ्यांना रस्त्यावर बसावं लागलं. आपण भेंडी टाकली डब्यात, ती निघाली दुसऱ्याच्या विहिरीत. पाणी आणि कचरा हे दोन वेगळे विषय आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या विहिरीवर जाऊन तसं सांगावं.

माझी मागणी साधी आहे. सोसायटीची पाण्याची मीटिंग मे महिन्यात घेऊच नये. ती नोव्हेंबरात घ्यावी, धरण भरलेलं असताना. ठराव तीन: सोलरच्या नळाखाली बादली, गळक्या नळाला वायसर आणि घरात दोन डबे. गांडूळखताच्या खड्ड्यावर मिळकतकरात सवलत घेऊन आपण त्या खड्ड्यात जुनी सायकल ठेवली आहे, ती बाहेर काढावी, हा चौथा. विरोध असेल त्यांनी लेखी द्यावा, पाठकोऱ्या कागदावर. आणि मीटिंगला बिस्किटं ठेवावीत, म्हणजे कोरमही होईल.