कॉलेजची खबर रयतेच्या दारीं कां येत नाहीं?

मृगाचें पहिलें पाणी पडलें कीं शेतकऱ्याच्या घरीं एकच धांदल उडते. बियाणें, खत, मजूर, बँकेचें नाहीं तर सावकाराचें देणें, यांतून त्यास मान वर करावयास सवड नसते. नेमक्या ह्याच दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजांच्या कचेऱ्यांबाहेर कागद चिकटविले जातात. प्रवेश अमुक तारखेस सुरू, अमुक तारखेस बंद. शिष्यवृत्तीचे अर्ज अमुक दिवसापर्यंत. वसतिगृहाच्या जागा इतक्या. सोबत दाखले जोडावे. कागद लागला, मुदत संपली, कागद निघाला. सिल्लोडच्या, वैजापूरच्या, पैठणच्या खेड्यांतून तो कागद किती जणांनीं पाहिला? ज्याच्या घामावर हीं कॉलेजें उभीं आहेत, त्यालाच त्यांची खबर नाहीं, ह्या एका गोष्टीविषयीं आज आम्हांस लिहावयाचें आहे.

कोणी म्हणेल, कॉलेजचा दरवाजा तर सर्वांस उघडा आहे. कायद्यानें आतां कोणास बंदी राहिली आहे? बंदी नाहीं हें खरें. पण दरवाजा केव्हां उघडतो आणि केव्हां लागतो हें ज्यास कळतच नाहीं, त्यास उघडा दरवाजा आणि बंद दरवाजा सारखाच. पूर्वीं विद्या सोंवळ्यांत होती. आतां विद्या सोंवळ्यांतून बाहेर आली, पण तिची तारीख मात्र अजून सोंवळ्यांतच आहे!

हा प्रश्न आजचा नव्हे. जोतिराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें, त्यांतलें मुख्य गाऱ्हाणें हेंच होतें कीं, सरकारचा खजिना राबणाऱ्या रयतेच्या पैशानें भरतो आणि त्यांतून निघालेल्या विद्येचा लाभ वरचे वर्ग घेतात. शाहू महाराजांनीं रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखण्याचा हुकूम २६ जुलै १९०२ रोजीं करवीर सरकारच्या गॅझेटांत प्रसिद्ध केला. पण गॅझेट छापलें म्हणजे आपलें काम झालें असें त्या राजानें मानलें नाहीं. कोल्हापुरांत त्यानें जातीजातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभारविलीं, आणि १९१७ पासून प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली. मुलें आपण होऊन येतील म्हणून ते वाट पाहत बसले नाहींत. गांवोगांव पायपीट करून त्यांनीं मुलें गोळा केलीं. आमच्या जिल्ह्याला गोदावरीपलीकडे लागून असलेल्या नेवासें तालुक्यांतील तरवडी ह्या खेड्यांतून मुकुंदराव पाटलांनीं ‘दीनमित्र’ वर्षानुवर्षें चालविला, तो तरी कशासाठीं? शहरांतली गोष्ट खेड्याच्या कानीं पडावी यासाठींच. ह्या सर्वांचा धडा एकच आहे. रयत खबरीकडे येत नसेल, तर खबर रयतेकडे गेली पाहिजे.

आमच्या मराठवाड्याला तर हा धडा अधिकच लागू आहे. निजामाच्या अमदानींत, १९२३ सालीं, ह्या शहरांत इंटरमीजिएट कॉलेज निघालें. उस्मानिया विद्यापीठाची शिकवण्याची भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या मुलाला त्या शिक्षणाची हवा लागणें कठीण होतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाचें राज्य गेलें. १९५० सालीं बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें येथें कॉलेज काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय झालें. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसादांनीं बसविली. ज्यांच्या सात पिढ्यांनीं पाटी पाहिली नाहीं, त्यांचीं मुलें नागसेनवनांत राहून पदवीधर झालीं. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि दीर्घ झगड्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजीं त्याला बाबासाहेबांचें नांव जोडलें गेलें. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव ह्या चार जिल्ह्यांचीं कॉलेजें त्या विद्यापीठाखालीं आहेत. म्हणजे कॉलेजें आलीं, जागा आल्या, भाषाही आपली झाली. उणें राहिलें तें एवढेंच, कीं त्यांची वर्दी बांधावर येत नाहीं.

एका तारखेनें काय होतें तें पाहा. महाराष्ट्र सरकारनें ८ जुलै २०२४ रोजीं निर्णय काढला कीं, इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांस व्यावसायिक अभ्यासक्रमाचें शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. फार चांगलें केलें. पण त्याच निर्णयांत अट आहे कीं, प्रवेश सरकारी देखरेखीखालच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेंतून झालेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यांतला किंवा संस्थेनें आपल्या पातळीवर दिलेला प्रवेश चालणार नाहीं. आतां समजा, कन्नडकडच्या एका माळ्याची मुलगी हुशार आहे, तिला गुणही चांगले आहेत. बाप पेरणींत गुंतला. केंद्रीभूत प्रवेशाची तारीख केव्हां आली आणि केव्हां गेली तें त्या घरीं कोणासच कळलें नाहीं. मग कोणी सांगतें, ‘अमक्या कॉलेजांत जागा शिल्लक आहे, पैसे भरा आणि घ्या.’ बाप जागा घेतो. आतां त्याच वर्गांत, त्याच बांकावर, त्याच उत्पन्नाच्या घरची दुसरी मुलगी फुकट शिकते, आणि ह्या मुलीच्या फीसाठीं दावणीचा बैल बाजार दाखवितो. दोघींच्या बुद्धींत फरक नाहीं, गरिबींत फरक नाहीं. फरक एका खबरीचा!

आणखी एक गंमत सांगतों. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. सरकारी वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध मुलांसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. इतर मागासवर्गाच्या मुलांसाठीं ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. नांवें पाहा, सारीं आमच्याच पूर्वजांचीं! आणि त्यांच्या वारसांपैकीं किती घरांस हीं नांवें ठाऊक आहेत? ज्यांनीं घरोघर फिरून रयतेला जागें केलें, त्यांच्या नांवाच्या योजना कचेरींत बसून रयतेची वाट पाहतात, याहून मोठी थट्टा ती कोणती?

ह्या आंधळेपणावर एक नवा धंदा उभा राहिला आहे. पूर्वीं पंचांग ज्याच्या हातीं तो मुहूर्त सांगे आणि दक्षिणा घेई. शेतकऱ्यानें त्यास विचारल्याशिवाय पोरीचें लग्नही काढूं नये. आतां प्रवेशाचें पंचांग दलालाच्या हातीं आहे. अर्ज मोबाईलवर किंवा संगणकावर भरावयाचा, त्यांतले शब्द अर्धे इंग्रजी, आधार जोडलेलें बँकेचें खातें पाहिजे, एक कागद चुकला कीं अर्ज परत. भांबावलेला बाप म्हणतो, ‘तूंच भर बाबा, घे तुझे पैसे.’ ह्या नव्या जोशाला जातीचें बंधन नाहीं. तो ब्राह्मण असेल, मराठा असेल, आमच्याच भावकींतला असेल. भिक्षुकशाही ही जानव्यांत नसते, दुसऱ्याच्या अज्ञानावर पोट भरण्यांत असते, हें सत्यशोधकांनीं आम्हांस कधींच शिकविलें आहे.

कारागिरांची गोष्ट तर याहून निराळी नाहीं. अमेरिकेंत १९०१ सालीं जोलिएट गांवीं असें कॉलेज निघालें कीं, जेथें घराजवळ राहून, थोड्या खर्चांत, दोन वर्षांचें शिक्षण घेतां यावें. त्यांतूनच तिकडे कम्युनिटी कॉलेजांची पद्धत वाढली. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१३ सालीं कम्युनिटी कॉलेजांची योजना काढली. आसपासच्या उद्योगांत जें काम आहे तें शिकवावें, थोड्या मुदतीचें प्रमाणपत्र द्यावें, हा तिचा हेतु. पैठणीच्या मागावर बसणारा विणकर, हिमरूचा कारागीर, वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथल्या कारखान्यांत हातकाम करणारा सुतार-लोहाराचा मुलगा, यांच्यासाठींच तर असें शिक्षण! पण ज्यानें कॉलेजची पायरी कधीं चढली नाहीं, तो कॉलेजच्या फलकापाशीं जाऊन उभा राहील कसा? त्याच्या शिक्षणाची जाहिरात त्याच्या मागाजवळ, भात्याजवळ, कारखान्याच्या फाटकाजवळ लागली पाहिजे. तहानलेला एका गांवीं आणि विहीर दुसऱ्या गांवीं, आणि विहिरीवर पाटी कीं ‘पाणी फुकट आहे’. अशानें तहान भागत नसते.

कॉलेजांचे चालक म्हणतील, आम्हीं फलकावर लावलें, संकेतस्थळावर टाकलें, आणखी काय करावें? आम्ही त्यांस कायद्याचेंच कलम दाखवितों. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांत कलम ४ असें सांगतें कीं, सार्वजनिक संस्थांनीं माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी. ती देतांना स्थानिक भाषा आणि त्या भागांत परिणामकारक ठरणारी रीत ध्यानांत घ्यावी. फलक, वर्तमानपत्र आणि इंटरनेट यांच्याबरोबर जाहीर पुकाराही त्या कायद्याला मान्य आहे. म्हणजे महाराच्या हलगीनें पिढ्यान् पिढ्या जी दवंडी दिली, तिला आजचा कायदाही ओळखतो! सरकारच्या पैशावर चालणारें कॉलेज ‘आम्हांस हें बंधन नाहीं’ असें म्हणूं शकत नाहीं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कॉलेजनें वर्षाची जाहीर सूचना एका पानावर, सोप्या मराठींत काढावी. त्यांत अभ्यासक्रम कोणते, जागा किती, फी आंकड्यांत किती, माफी कोणास, कागद कोणते, शेवटची तारीख कोणती आणि विचारावें कोणास, एवढ्या सात गोष्टी असाव्या. ती सूचना चारही जिल्ह्यांच्या ग्रामपंचायतींस व शाळांस जावी. आठवडी बाजारांत आणि एस. टी.च्या स्थानकांवर लागावी. १ मे रोजीं गांवोगांव ग्रामसभा भरते. निकाल लागण्याच्या त्या सुमारास ग्रामसेवकानें ती मोठ्यानें वाचून दाखवावी. आणि मुदत ठरवितांना चालकांनीं पंचांग नसलें तरी आभाळ पाहावें. पेरणीच्या ऐन चार दिवसांत मुदत संपवूं नये. ह्यांतल्या कोणत्याही गोष्टीला मोठा खर्च नाहीं. इच्छा मात्र पाहिजे.

येथें एक कडू बोल आम्हांस आमच्याच माणसांस ऐकविला पाहिजे. आज मराठवाड्यांतल्या पुष्कळ शिक्षणसंस्था आमच्या बहुजन समाजाच्या पुढाऱ्यांच्या हातीं आहेत. दिवाणखान्यांत फुले-शाहू-आंबेडकरांच्या तसबिरी, जयंतीला हार, भाषणांत रयतेचा उमाळा. पण रिकाम्या जागांची खबर आधीं कोणाच्या कानीं जाते? पाहुण्यांच्या, पक्षाच्या माणसांच्या, कीं खेड्यांतल्या अनोळखी कुणब्याच्या? ज्या संस्थेची खबर दबकत फिरते, तिच्या भिंतीवर जोतिरावांची तसबीर लटकत असली म्हणून काय झालें? परक्यानें केलेला अन्याय आम्ही सहन केला नाहीं. घरच्यानें केला म्हणून तो गोड मानून घेणार नाहीं.

शेवटीं आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस दोन शब्द. चालक सुधारतील तेव्हां सुधारतील, आपण आपल्या घरचें काम आजच करावें. जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअरचा दाखला आणि तहसिलांतला उत्पन्नाचा दाखला, हे कागद जूनमध्यें धांवत काढावयाचे नसतात. जात पडताळणीला तर महिने लागतात. चैत्र-वैशाखांत, शेत मोकळें असतें तेव्हां, ते काढून एका पिशवींत ठेवावे. मुलाचे काढाल तसेच मुलीचेही काढा. पैसे द्याल तेथें पावती मागा. पावती न देणाऱ्यास अर्ज देऊं नका. गांवांतलीं जीं मुलें कॉलेजांत शिकत आहेत, त्यांनीं सुटींत घरीं येतांना कॉलेजच्या फलकावरचा मजकूर लिहून आणावा आणि देवळाच्या पारावर वाचावा. शिकलेल्या एका पोरानें एवढें केलें तर दहा घरांचें वर्ष वांचेल. आणि ज्या कॉलेजची सूचना तुमच्या ग्रामपंचायतींत आली नाहीं, त्याला ग्रामसभेच्या ठरावानें विचारा कीं, कां आली नाहीं? भीक म्हणून नव्हे, मालक म्हणून विचारा. कर तुमचा, कॉलेज तुमचें, मग त्याची तारीखही तुमचीच आहे.