दुसरा रिमोट कुठंय?

दिवाळीत दादा बंगळुरूहून थेट माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर टपकला. बॅग कोपऱ्यात, शूज दारात आणि नजर सरळ टीव्हीखालच्या पांढऱ्या डब्यावर. ‘घेतलंस शेवटी! चल, लाव एखादा फायरिंगचा गेम. आणि दुसरा रिमोट कुठंय?’

‘कंट्रोलर म्हणतात रे त्याला,’ असं म्हणणार होते, पण गप्प बसले. कारण दुसरा नव्हताच. प्लेस्टेशन फाइव्ह घेऊन दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत दुसऱ्या कंट्रोलरची कधी गरजच पडली नाही. हे लिहितानासुद्धा जरा कसंतरीच होतंय.

आमची सुरुवात डोंबिवलीची. साधारण २००४. चित्रपटाच्या नायकासारखी पिवळी कॅसेट, ती फुंकर मारून खोचायची, आणि दोन रिमोट. बदकांच्या गेमसाठी बंदूक वेगळी. त्या बंदुकीची गंमत मला फार उशिरा कळली. चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला की बदक खाली. म्हणजे बंदूक काही सोडायची नाही, नुसती बघायची! जुन्या डब्बा टीव्हीवर हे बरोब्बर जमायचं. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र जरासं उशिरा येतं, त्यामुळे ती बंदूक आंधळी होते.

पण आमचा खरा गेम कॉन्ट्रा. कोनामीनं १९८७ मध्ये आणलेला. दोघांनी मिळून खेळायचा. त्यातली धबधब्याची लेव्हल आठवतेय? स्क्रीन वर वर सरकतो, आणि जो पुढे चढतो त्याच्यामुळे मागे राहिलेला मरतो. दादा चार वर्षांनी मोठा, त्यामुळे चढायचा तोच आणि मरायचे मी. मग भांडण, मग आईचा धपाटा, मग पुन्हा स्टार्ट.

आता म्हणाल, हिला नव्याचं वावडं आहे. अजिबात नाही! भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला प्लेस्टेशन फाइव्ह आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत होती ४९,९९० रुपये. माझ्या तेव्हाच्या मानधनात ते स्वप्नच होतं. पुढे हप्त्यांवर घेतला आणि पहिल्याच दिवशी खलास झाले. ट्रिगरच्या आत छोट्या मोटर आहेत. धनुष्य ताणलं की बोटाला ताण लागतो, बंदुकीचा चाप अर्ध्यावर अडतो. एसएसडीमुळे लोडिंगच्या वेळात होणारा चहा बंद झाला, ही एकच तक्रार.

शूटर खेळणाऱ्यांसाठी माझं स्पष्ट मत सांगते. दुकानदार फोरकेचं कौतुक सांगतो, तुम्ही फ्रेम्स विचारा. सेकंदाला ६० फ्रेम्स असतील तर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १२० असतील तर ८.३ नी. भिंतीमागून डोकं काढलेला शत्रू त्या फरकानं आधी दिसतो. पानांवरचं दवबिंदू मोजायला आपण गोळीबारात उतरत नाही.

पण याच फ्रेम्सच्या नादात एक गोष्ट हातातून निसटली. स्प्लिट स्क्रीन. १९९७ च्या गोल्डनआयमध्ये चौघं एकाच टीव्हीचे चार तुकडे करून एकमेकांना मारायचे, आणि शेजारच्याच्या चौकोनात डोकावून चीटिंगही करायचे. २००१ चा पहिला हेलो दोघांनी सोफ्यावर बसून अख्खा संपवता यायचा. मग २०१५ मध्ये हेलो ५ आला आणि स्प्लिट स्क्रीन गायब! कारण दिलं ६० फ्रेम्सचं. ते खोटं नाही. एका टीव्हीवर दोन खेळाडू म्हणजे मशिनला एकच जग दोन ठिकाणांहून दोनदा काढावं लागतं. ग्राफिक्स जितके भारी, तितका तो दुप्पट बोजा जड. हेलो इन्फिनिटच्या कथेसाठी दोघांचा सोफा कबूल केला होता, तोही सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाला.

हे झालं टेक्निकल कारण. माझ्या मते दुसरं कारण सरळ व्यवहाराचं आहे. सोफ्यावर दोघं बसले तर एक कन्सोल, एक गेम. आपापल्या घरी बसले तर दोन कन्सोल, दोन गेम. हिशोब तुम्हीच करा.

‘ऑनलाइन खेळ की, जगभरचे लोक आहेत,’ असं मित्र म्हणतात. खेळते. फक्त माइक बंद ठेवून. एकदा एका मॅचमध्ये ‘डावीकडे दोघं आहेत’ एवढंच बोलले, तर पुढची दहा मिनिटं मी स्वयंपाकघरात कशी शोभेन यावरच चर्चा. गोळ्या कुणी मारेना! नंतर माइक बंद केला तो केलाच. माझ्या ओळखीच्या बऱ्याच मुली असंच करतात. २०२३ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीला शिवीगाळ टिपणारं एआय व्हॉइस चॅटवर बसवावं लागलं, यावरून काय ते समजा. सोफ्यावर ही भानगड नव्हती. तिथे फार तर धपाटा.

असो. तर त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराकडून कंट्रोलर उसना आणला. माझा लाडका शूटर लावला, नाव सांगत नाही. आधी अपडेट, मग दादाचं नवं अकाउंट, मग पासवर्ड, मग ओटीपी. पाऊण तासानं कळलं की त्याच्या कथेत दोघांना जागाच नाही. दादा म्हणाला, ‘कॅसेट फुंकून बघ ना.’ इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी बॉर्डरलँड्स ३ लावला. ही सिरीज सोफ्याशी बऱ्यापैकी इमान राखून आहे. टीव्हीचे दोन भाग. दादा माझ्यापेक्षा वाईट खेळतो हा साक्षात्कार झाला. वीसेक मिनिटं झाली असतील. स्क्रीनवरून नजर न काढता तो म्हणाला, ‘मला ऑगस्टमध्ये काढलं. आईला सांगितलं नाहीये.’

मी काय म्हणणार? ‘मागून येतायत, वळ,’ म्हटलं. तो वळला. मग ‘किती महिने पुरेल?’ असं विचारलं. मग हळूहळू सगळं निघालं. ईएमआय, इंटरव्ह्यू, सकाळी तयार होऊन लॅपटॉप घेऊन बाहेर कॅफेत बसणं. गेली चार वर्षं आमचे फोन म्हणजे आईचं बीपी आणि सोसायटीचा मेंटेनन्स. व्हिडिओ कॉलवर समोरासमोर असताना त्यानं हे कधी सांगितलं नसतं. शेजारी बसून, दोघांची नजर भलतीकडे आणि हात कामात असताना माणूस बोलतो. त्या रात्री तो चारदा मेला, चारही वेळा मी थांबून त्याला उठवला.

(हे सगळं त्याला विचारून लिहितेय. आईला भाऊबीजेला सांगून झालं. तिनं फक्त ‘जेवलास का?’ विचारलं.)

तर नवा गेम घेताना माझा आता एकच प्रश्न असतो. यात दोघांना बसायला जागा आहे का? आशा अगदीच संपलेली नाही. २०२१ चा ‘इट टेक्स टू’ एकट्यानं खेळताच येत नाही, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये तोच वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. पहिल्या हेलोची कथा नव्यानं येणार, प्लेस्टेशनवरसुद्धा, आणि दोघांच्या स्प्लिट स्क्रीनसह, अशी घोषणा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली. म्हणजे सोफा आठवणारे आम्ही दोघंच नाही!

उसना कंट्रोलर परत केला. दुसऱ्याच दिवशी स्वतःचा ऑर्डर केला, लाल रंगाचा. दादा जानेवारीत पुन्हा येतोय. या वेळी धबधबा लागला तर मी खाली थांबणार आहे.