तृतीयपंथी उमेदवार आणि समतेचा कायदा

संपादक महाशय,


घटनेच्या १५ व्या व १६ व्या अनुच्छेदांतील भेदभावविरोधी संरक्षण केवळ जन्मजात लिंगापुरते आहे, हे गतांकातील पत्रलेखकांचे प्रतिपादन मला सर्वस्वी अमान्य आहे. स्त्रियांविषयीची त्यांची आस्था मलाही आहे, आणि त्यांच्यासाठी विशेष तरतुदी करण्याची शासनाची मुभा अबाधितच आहे. परंतु त्यासाठी तृतीयपंथीयांसारख्या दुसऱ्या वंचित वर्गाला कायद्याबाहेर ठेवणे अपरिहार्य का, हे त्यांनी कोठेही सिद्ध केलेले नाही.

लिंगभावाच्या ओळखीवरून केलेला भेदही निषिद्ध होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिलेला असताना, २०२२ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीच्या अर्जात पुरुष आणि स्त्री असे दोनच रकाने होते. तृतीयपंथी उमेदवारांना प्रशासकीय न्यायाधिकरणाचे दार ठोठावावे लागले, तेथील आदेशाविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने कानउघाडणी केल्यावरच तिसरा रकाना देण्यास ते राजी झाले. धावण्याच्या चाचणीत कोणी मागे पडला, तर ती त्याची अपात्रता खरी. पण येथे मैदानापर्यंत पोहोचण्याची वाटच अर्जाने अडवली होती. हा भेदभाव नव्हे, तर दुसरे काय, ते पत्रलेखकांनी सांगावे.

आपला,
एक वाचक, सातारा