पुण्य माझं, धोका कुणाचा?

आमचं गाव धसई, तालुका मुरबाड. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून पेपरात आलं होतं ना, तेच. ऑफिसात अजूनही कुणीतरी विचारतं, "तुमच्याकडे कोंबडीपण कार्डावर मिळते का रे?" :) असो. या वेळी विषय खरंच कोंबड्यांचा आहे.

मागच्या महिन्यात एका अंड्यांच्या पोल्ट्रीतून सहा कोंबड्या घरी आणल्या. दीड वर्षाच्या. या वयात अंडी कमी होतात, खाद्याचा खर्च मात्र तेवढाच. म्हणून अख्खी बॅच खाटकाकडे जाते. जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. प्रिंटरमधला ए-४ कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. क्युबिकलवरून विनोद सुचत असेल तर थांबा, आपण निदान चहाला उठू शकतो.

परसात सोडल्या तर तासभर जागच्या हलल्याच नाहीत. चोची छाटलेल्या, पिसं झडलेली. मग एकीने माती उकरली आणि धुळीत अंग घोळवलं. कुणी शिकवलं असेल तिला? मला भरून आलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "बाबू, पुण्य तुजं झालं. पन माज्या कोंबड्यांना काय झालं त कोन भरून देनार?"

मी हसलो. रात्री मात्र झोप लागेना. फेब्रुवारी २०२२ मध्ये इथे शेजारच्याच शहापूर तालुक्यात, वेहळोलीला बर्ड फ्लू सापडला होता. एक किलोमीटरच्या टापूतले सुमारे २५,००० पक्षी मारायचं ठरलं. रोग पोल्ट्रीचा की परसातला, असा भेद त्या एक किलोमीटरला कळत नाही. काकूंच्या आठ गावठी कोंबड्या म्हणजे त्यांचं बचत खातं. पाहुणा आला, नातवाची वह्या-पुस्तकं, म्हशाची जत्रा, सगळं त्यातून. आणि मी कुठलीही चौकशी न करता त्यात बाहेरचे सहा जीव मिसळले होते. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर!

दुसऱ्या दिवशी सहाही जणी जुन्या गोठ्यात वेगळ्या बंद केल्या. गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. मानमोडीची लस माझ्या खर्चाने काकूंच्या कोंबड्यांनाही दिली. पाचव्या दिवशी माझी एक मेली. डॉक्टर म्हणाले, साथीचं लक्षण दिसत नाही. तरी पुढचा आठवडाभर मी रोज आईला फोन करून आधी काकूंच्या कोंबड्या मोजायला लावत होतो.

हो, आईला. कारण मी सोमवारी ऑफिसात. गोठा झाडणं, पाणी बदलणं, मुंगसावर डोळा ठेवणं, सगळं तिच्या गळ्यात.

ब्रिटनमध्ये एक संस्था २००५ पासून अशा कोंबड्यांना घरोघरी आसरा मिळवून देते. चांगलंच आहे, आपल्याकडेही व्हावं. पण आपल्या गावात परस कुंपणापाशी संपत नाही, कोंबडी चार अंगणांत चरते. म्हणून माझं मत सरळ आहे. जीव वाचवायचा तर आधी शेजाऱ्याला विचारा, काही आठवडे वेगळं ठेवा, आणि रोजचं काम कोण करणार ते ठरवा. नाहीतर ती दया नव्हे, वीकेंडची हौस.

आता पाच आहेत. कालच एक अंडं सापडलं. काकूंना नेऊन दिलं. त्यांनी ते उजेडात धरून बघितलं, आणि ठेवून घेतलं.