दोघींचे आवाज

आमच्या घरी पहाटे गजर लावावा लागत नसे. पावणेसहाला मी दुधासाठी फ्रीजचं दार उघडलं, की पिंजऱ्यातून ‘वीऽऽक, वीऽऽक’ सुरू! चिंगी आणि बबडी, लेकीने हट्टाने आणलेली गिनीपिगची जोडी. सासूबाईंचे गुडघे रात्रभर ठणकायचे, पहाटे कुठे डोळा लागलेला असायचा. “अगं, त्यांचं तोंड बंद कर आधी!” त्या आतूनच म्हणायच्या. मग मीही गाजराचा तुकडा, नाहीतर बिस्कीट टाकून मोकळी व्हायची. दुपारी शाळेतून आले, भाजीची पिशवी वाजली, की पुन्हा तेच.

एका शनिवारी मी कोथिंबीर निवडत होते. सासूबाई म्हणाल्या, “आज एकटीच ओरडतेय. दुसरीला काय झालंय?” पाहते तर बबडी कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली. खाणं तोंडाशी न्यायची आणि टाकून द्यायची. तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिच्या मागच्या दाढा वाढल्या होत्या. या प्राण्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. माझ्या गाजर-बिस्किटांनी पोट भरल्यावर गवताला तोंड कोण लावणार? भूल देऊन दाढा घासाव्या लागल्या, आठवडाभर पिचकारीने भरवावं लागलं. चूक माझीच होती.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. घरात हे प्राणी असतील, तर तुम्हीही पाळून पाहा.

वाळलेलं गवत आणि पाणी २४ तास पुढ्यात हवं. रात्री निजताना गवत भरून ठेवावं, म्हणजे पहाटे पोट रिकामं नसतं.

भाजी दिवसातून दोनदाच, ठरल्या वेळी. तीही ओरडणं क्षणभर थांबल्यावर द्यावी. ओरडताना दिली, तर ओरडलं की मिळतं, हेच त्या शिकतात. भाजी फ्रीजमधून काढून अर्ध्या तासाने द्यावी. हळूहळू फ्रीजच्या दाराचा आणि खाण्याचा संबंध तुटतो. पहिले काही दिवस आवाज वाढतोच. तेव्हा घरातल्या एकाने जरी कीव येऊन तुकडा टाकला, तरी मुसळ केरात!

माणसाप्रमाणेच यांच्याही शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून रोज ढोबळी मिरचीची एक फोड द्यावी. कांदा, लसूण, बटाटा मात्र अजिबात नको. बिस्कीट तर नकोच नको.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, रोज ओरडणारा प्राणी गप्प झाला आणि खायलाही तोंड लावीना, तर ‘बरं झालं, शांत झाला’ म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यांचं पोट उपाशी राहिलं की दिवसभरातच जिवावर बेततं.

आता आमच्याकडे सात वाजेपर्यंत शांतता असते. सातला मी भाजी चिरायला घेतली, की ‘वीऽऽक’ होतंच. सासूबाई अंथरुणातून कान देतात आणि म्हणतात, “दोघींचे आले गं आवाज!” आणि कूस बदलून पुन्हा डोळे मिटतात.